भाऱ्याखालची बाई

आमदार शेषरावांचा आवाज असा, की ते मालेगावात खाकरले तर मेडशीच्या स्टँडवर उभ्या एसटीच्या काचा थरथरत. ज्याला हे खोटं वाटतं, त्याने त्या दिवशी पंचायत समितीच्या आमसभेत येऊन बसायला हवं होतं. वर्षातून एकदा भरणाऱ्या या सभेत आमदार अध्यक्ष, लोकांनी विचारायचं आणि अधिकाऱ्यांनी उभं राहून उत्तर द्यायचं, अशी रीत. सरकारी वकिलाचं तिथे काही काम नसतं. तरी सरकारी वकील वैजयंतीबाईंना खास पत्र धाडून बोलावलं होतं.

कारण मेडशीचं सोसायटीचं गोदाम भर दुपारी जळालं होतं. संशय आमदारांच्या पुतण्यावर, सतीशवर. तो म्हणे त्या दिवशी सकाळपासून वाशीमला होता. दोषारोपपत्राआधी तपासायला फाइल वैजयंतीबाईंकडे आलेली, आणि तिच्यात एका साक्षीदाराचा जबाब होता. तो कोणाचा, हे बाहेर फुटलं नव्हतं. किन्हीराजाच्या प्रयागबाईला त्यांनी शब्द दिला होता: तुला संरक्षण मिळेपर्यंत तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

आणि तीच प्रयागबाई विहिरीचा अर्ज घेऊन बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसली होती. तिकडे नजर जाऊ नये म्हणून वैजयंतीबाईंनी मान अशी ताठ धरली, की चिमणीला वाटावं खांबच आहे, बसावं.

आमदारांनी साक्षीदाराचं नाव आधी गोडीत विचारलं, मग चढ्या आवाजात. तपास गावाचा आहे, गावाला कळलाच पाहिजे, म्हणाले. बाई म्हणाल्या, तपास चालू असताना जबाब कोणालाही दाखवता येत नाही. मागून कोणीतरी वकीलबाईंच्या बदलीचा मुहूर्त सांगितला. लोक हसले.

“मी तालुक्याचा आमदार हावो, बाई. हक्कभंग आनीन तुमच्यावर. मुंबईले हात जोडून उभं राहा लागन.”

“आणा साहेब. तिथेही नाव सांगणार नाही.”

आमदारांनी टेबलावर अशी थाप मारली, की पाण्याचे पेले वीतभर उडाले आणि परत आपापल्या बशीत बसले. सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या हरीओमवर ते गरजले, “लिहून घे रे. शब्द न् शब्द लिही. बाई कशी उद्धट बोलून राह्यली, वर कळू दे.”

हरीओम बिचारा सांगितलं तेवढंच करणारा माणूस. तो लिहू लागला.

“आन् हेही लिही,” आमदार थांबेनात. “कायचा साक्षीदार? डोक्यावर गवताचा भारा, तोंडावर लोंबलेलं गवत. त्या बाईले समोरचा मानूस दिसते काय? सांगा न, कोन व्हती ते बाई?”

वैजयंतीबाईंनी हरीओमच्या कागदाकडे पाहिलं. साक्षीदार बाई आहे, हे सभेत कोणी बोललंच नव्हतं. भाऱ्याचा उल्लेख फक्त जबाबात होता, आणि त्यात हेही होतं, की गोदामाच्या रस्त्यावर तेव्हा सतीशशिवाय चिटपाखरू नव्हतं. भाऱ्याखालचा चेहरा त्याला दिसला नाही, म्हणून तर काकाला नाव हवं होतं.

“हरीओम, शेवटचं वाचा जरा.”

हरीओमने वाचलं. भारा, गवत, बाई, सगळं. आमदारांनी खोडायला सांगितलं. पण तीनशे माणसांनी ऐकलेलं हरीओम कशाने खोडणार?

“साहेब, सतीश वाशीमला होता, मग हा भारा तुम्हाला कोणी सांगितला?”

आमदार पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मेडशीच्या स्टँडवर म्हणे एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, आपले कान गेले.

वैजयंतीबाईंनी पर्स उचलली. “साक्षीदाराचं नाव पाहिजे होतं ना तुम्हाला? एक सांगते. शेषराव. इतिवृत्ताची नक्कल घेऊन ठाणेदार जबाब घ्यायला येतील. घरीच राहा.”

तिसऱ्या रांगेत प्रयागबाईने विहिरीचा अर्ज शांतपणे पुढच्या बाईच्या हातात दिला, टेबलापर्यंत पोहोचवायला.