पोटं घेऊन या

“गप गं म्हातारे, व्हायरल व्हशील,” अमृत म्हणाला आणि जेवायला बसलेल्या ओळीच्या ओळी खिदळल्या.

लंकाबाईंनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की खिचडीतले वाटाणे वेचून खाली टाकू नको. चौथीतलं पोर ते. पहिलीपासून त्याला त्यांनीच वाढलेलं. दारात उभे असलेले सरसुद्धा हसले, मग भानावर येऊन मिशीवरून हात फिरवू लागले. त्याचंही लंकाबाईंना फारसं काही वाटलं नाही. त्यांची नजर गेली ती सातवीच्या ओळीतल्या प्रज्ञाकडे, आपल्या नातीकडे. तीही हसत होती.

मिरजगावच्या अलीकडच्या त्या शाळेत लंकाबाई चौदा वर्षं खिचडी शिजवत होत्या. शाळेला घंटा होती, पण जेवणाच्या सुट्टीत ती कोणी वाजवत नसे. लंकाबाई पदराला हात पुसत ओट्यावर येत आणि हाक देत, “हात धुवा, ताटं धुवा, पोटं घेऊन याऽऽ.” तो शेवटचा ‘या’ इतका लांबे, की पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायकाही भाकरी सोडायला बसत. मग मागे राहिलेल्या पोराला नावानं हाक. कोण रुसलंय, कुणाच्या अंगात कसर आहे, कुणाचे आईबाप कालच कोयता घेऊन कारखान्याकडे गेले, हे त्यांना गुरुजींच्या आधी कळे.

दिवाळीनंतर प्रज्ञाने बापाच्या जुन्या मोबाईलवर ती हाक टिपली. खाली ढोलकी लावली, ‘या’ तीनदा वाजवला, आणि दिलं सोडून. हजारो लोकांनी पाहिलं. “आजी, फेमस झालीस,” असं ती म्हणाली तेव्हा लंकाबाईही पोट धरून हसल्या. होतंच ते हसण्यासारखं. पण कुठला तरी टोणगा रोज आपल्या आजीला “गप गं म्हातारे” म्हणून लोकांना हसवत होता, त्याचे व्हिडिओ पोरांना तोंडपाठ. पोरांनी दोन्हींची सांगड घातली. आता लंकाबाईंनी तोंड उघडायचा अवकाश, की ते वाक्य आलंच.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, “तुला बी हसू आलं?”

“सगळेच हसत हुते की. चेष्टा हाय ती, आजी. व्हिडिओत सगळे असंच बोलत्यात.”

“आन् त्या व्हिडिओतल्या म्हातारीला काय वाटतं, ते दावत्यात का?”

प्रज्ञाने मोबाईल पालथा ठेवला. लंकाबाईंना वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

“उद्यापासनं मी हाक मारनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “घंटा हाय.”

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. पोरं आली, जेवली. पहिलीतली रेश्मा तेवढी लिंबाखाली ताट धरून बसून राहिली. तिचे आईबाप ऊसतोडीला गेल्यापासून तिची रीतच होती, नावानं बोलावल्याशिवाय उठायचं नाही. लंकाबाई स्वतः गेल्या आणि बोटाला धरून तिला घेऊन आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गाच्या बाई बोलवायला गेल्या, तर रेश्माने दोन घास खाऊन ताट सरकवलं.

तिसऱ्या दिवशीही ती लिंबाखालीच. पातेलं चुलीवर, ओळी ताटकळलेल्या, जागचं हलायला लंकाबाईंना सवड नव्हती. हाक अगदी गळ्यापर्यंत आली. त्यांनी पाहिलं, तर अमृत तोंड उघडून तयारच बसला होता. त्यांनी हाक गिळली.

“हात धुवा, ताटं धुवा, पोटं घेऊन याऽऽ.”

आवाज मागून आला. हुबेहूब त्यांचाच. तो व्हिडिओ करताना प्रज्ञाने ही हाक पन्नास वेळा ऐकली होती, कुठे चढते, कुठे लांबते, सगळं तिच्या जिभेवर होतं. पोरं हसून हसून वाकली. अमृतने आपलं वाक्य म्हटलंच. प्रज्ञाचे कान लाल झाले, आणि लंकाबाईंना वाटलं, आता ही आत पळणार. पण तिने आजीसारखाच कमरेवर हात ठेवला.

“ए रेश्मेऽऽ, खिचडी निवाया लागली गं, तुझ्यावाचून.”

रेश्मा उठली. ताट छातीशी धरून धावत आली, प्रज्ञाच्या अंगावरून पुढे निघून थेट लंकाबाईंसमोर उभी राहिली.

“आजी, तू हाक मारली ना?”

लंकाबाईंनी एकदा प्रज्ञाकडे पाहिलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या, आणि तिच्या ताटात एक पळी जास्त वाढली.

पोरांचं हसणं पुढे आठवडाभर टिकलं, मग त्यांनाच त्याचा कंटाळा आला. सातवीची परीक्षा होईपर्यंत हाक रोज प्रज्ञानेच मारली. लंकाबाई तेवढा वेळ पोरांकडे पाठ करून पातेल्याशी उभ्या राहत, आणि त्यांचे ओठ हलत.