कपाटातलं पाणी

हायसिंथ या फुलझाडाचा कंद पाण्यावर वाढवायचा तर कंदाने पाण्याला शिवायचं नाही. त्यासाठी पेला वेगळा असतो: वर वाटी, तिच्याखाली आवळलेला गळा. वाटीत कंद बसवायचा आणि त्याचं बूड व पाणी यांच्यात नखाएवढी जागा सोडायची. मुळं ती जागा ओलांडून आपली आपण खाली उतरतात. कंदाला पाणी लागलं की तो कुजतो. मग पेल्यांना कागदाच्या टोप्या घालून थंडीभर अंधारात ठेवायचं. हे सगळं हिचं शास्त्र. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. टोप्यांसाठी रद्दी आणून देणं एवढाच माझा वाटा. "तुम्ही आपले लांबूनच बघा," ही म्हणायची. माझा हात थरथरतो. मी घातलेलं पाणी निम्मं फळीवर जातं.

या वर्षी हिने मागच्या खोलीतल्या कपाटात तीन पेले ठेवले आणि थंडी पडायच्या आतच ही गेली.

बरेच दिवस ते कपाट उघडायचा मला धीर झाला नाही. उघडलं तेव्हा सगळं वाळून गेलेलं असणार अशी मनाची तयारी होती. पण मुळं पांढरीशुभ्र होती, पार तळाला टेकलेली, आणि पाणी भरलेलं होतं. वर नखाएवढी जागा. फळी कोरडी ठणठणीत.

पुढेही पाणी कधी उतरलं नाही. मी हे मुलीला सांगायला नको होतं. ती दवाखान्यात परिचारिका आहे, विसरभोळी म्हातारी माणसं रोज बघते. तिने आधी जेवणाचं विचारलं, मग गॅसचं, मग माझ्या नकळत शेजारच्या काकूंकडेही चौकशी केली. शेवटी समोर येऊन बसली.

"बाबा, पाणी तुम्हीच घालता आणि विसरता. तसं असेल तर मी तुम्हाला इथे एकटं ठेवणार नाही."

एक तर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, नाहीतर ही येत होती. दुसरं खरं निघावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले, आणि असं हात जोडणं हाच पहिल्याचा पुरावा असेल, हेही मनात आलंच.

मुलीने प्रत्येक पेल्यातलं निम्मं पाणी ओतून टाकलं, कपाटाला नवं कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पुढच्या खेपेला काय ते कळेल, म्हणाली. हट्टाच्या बाबतीत ती आईवर गेली आहे.

मधल्या काळात मी त्या खोलीत फारसा फिरकलो नाही. गेलो की वास यायचा. फुलं येण्याआधी हायसिंथला कांद्यासारखा मातकट वास असतो, हा तसला नव्हता, फुललेल्या फुलांसारखा गोड होता. पण माझ्या नाकाचा तरी काय भरवसा?

मुलगी आली ती चपला काढून थेट कपाटाकडे गेली. कुलूप होतं तसंच होतं. तिने दार उघडलं. तिन्ही पेल्यांत पाणी नखाएवढी जागा सोडून भरलेलं होतं.

ती तिथेच जमिनीवर बसली. दुसरी किल्ली आहे का, तिने विचारलं. नाही म्हणालो, असली तर मला ठाऊक नाही, हेही सांगितलं, कारण तेच खरं होतं. तिने माझे हात हातात घेऊन त्यांची थरथर बघितली, मग कोरड्या फळीवरून बोट फिरवलं. आणि कपाटात तोंड घालून अगदी हळू म्हणाली, "आई?"

मीही तिच्याशेजारी वाकून कपाटात कान दिला.

मग तिने टोप्या काढल्या. कोंब हळदीसारखे पिवळे पडले होते, टोपीला अडून वाकले होते. एकाची कळी कडेने तपकिरी व्हायला लागली होती. हे केव्हाच उजेडात आणायला हवे होते, ती म्हणाली. मला माहीत होतं. कुलूप लागण्याआधीच कोंब बोटभर झाले होते आणि मी टोप्या परत चढवल्या होत्या. खिडकीत, रस्त्यावरच्या लोकांदेखत, ही येईल असं मला वाटत नव्हतं. हे मी अडखळत तिला सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"एक आत राहू दे," ती म्हणाली. "एकच. कुजला तर कुजला."

माझ्या तोंडून हो निघतच होतं. मुलगी इतकी लहान दिसत होती.

"नको. तुझी आई त्यांच्यासाठी येते गं. आपल्यासाठी नाही. आपण मुद्दाम कुजवला तर तिला काय वाटेल?"

"शिव्या घालेल," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी तुम्हाला."

तिन्ही पेले तिनेच एकेक करून खिडकीत नेले. मला बरोबर न्यायचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. कपाट तिने लावून घेतलं, दारापर्यंत गेली, मागे फिरली आणि दार पुन्हा किलकिलं करून ठेवलं.

कोंब आता हिरवे झाले आहेत. दोन निळे फुलतील, तिसऱ्याचं सांगता येत नाही. मुलगी रोज संध्याकाळी फोन करते. तब्येतीचं विचारून झालं की विचारते, "आणि पाणी?"

"उतरलंय," मी सांगतो.

"बरं," ती म्हणते, आणि फोन ठेवत नाही.