धरलेली जागा

पुण्यात दोन सायकली गमावलेला धम्मानंद आता ताकही फुंकून पीत होता. इथे परदेशात, बेडोकच्या हॉकर सेंटरबाहेर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईबाहेर, त्याने सायकल खांबाला साखळीने जखडली आणि कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

आत तोबा गर्दी. इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली जाते. त्याच्याकडे पाकीट नव्हतं, म्हणून हातातली किल्लीच ठेवून तो रांगेत लागला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. माणसांआड सायकल दिसेना, तसा तो टाचा उंचावून पाहू लागला. आणि किल्ली? मेल्या, किल्ली कुठे ठेवलीस!

तो रांग सोडून धावला. किल्ली टेबलावरच होती. हुश्श करून त्याने बाहेर पाहिलं. खांबाला नुसती साखळी लोंबत होती, कुलूप उघडं.

चोराने किल्ली परत आणून ठेवली होती. धरलेली जागा जायला नको ना!