बुजलेली फट

डॉक्टरांनी बाबांच्या पोटरीवर पेनाने रेघ मारली. "पुढच्या सोमवारी इथून कापू." डायबेटीसमुळे टाचेची जखम काही केल्या भरत नव्हती. बाबा मला म्हणाले, "बरं झालं, नखं निम्मीच कापावी लागतील." माझं डोकंच फिरलं. असल्या वेळी कुणी विनोद करतं का?

मी प्रयोगशाळेत एका वेलीच्या पानांचा अर्क तपासते. काचेच्या बशीत त्वचेच्या पेशी वाढवायच्या, मधोमध ओरखडा काढायचा, अर्क घालायचा आणि फट बुजते का बघायचं. बुजली की आनंदीआनंद, आणि बशी कचऱ्यात. या अर्काने फट बघता बघता बुजायची. माणसांवर वापरायची परवानगी नव्हती. परवानगी गेली खड्ड्यात, म्हणत मी तो मलमात कालवून घरी आणला.

बाबा रोज बोटाने मलम टाचेला लावायचे आणि तेच बोट जिभेला लावून पेपरची पानं उलटायचे.

"बाबा, हात धुवा आधी!"

"अगं, पाल्याचंच ना? आतूनही बरं वाटेल."

सोमवारी टाच गुलाबी, गुळगुळीत. डॉक्टर बघतच राहिले. मी आनंदाने ढसाढसा रडले.

मग बाबांची करंगळी शेजारच्या बोटाला जुळली. मधे फटच उरली नाही. जेवताना ते म्हणाले, "हल्ली चमचा तोंडात मावत नाही गं." मी नीट पाहिलं. ओठांचे कोपरे आत सरकले होते. तिथे नुसती कोवळी त्वचा होती, दाढीचा एक खुंटही नव्हता.

धावत प्रयोगशाळा गाठली. इनक्यूबेटरच्या मागच्या कोपऱ्यात एक बशी फेकायची राहून गेली होती. फट केव्हाच बुजली होती. पेशी काठावर चढून झाकणाला भिडल्या होत्या. झाकण निघेना. फट बुजल्यावर पुढे काय होतं, हे आमच्यापैकी कुणी कधी बघितलंच नव्हतं.

मलम बंद केलं, उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी ओठांचे कोपरे कापून मोकळे केले; घरी येईस्तोवर ते पुन्हा मिटले. जखमच ती, भरणारच. जन्मभर "जरा गप्प बसा हो" म्हणणारी आई त्यांच्यापुढे बसून म्हणत होती, "काहीतरी बोला ना."

आज सकाळी बाबा स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत स्वयंपाकघरात आले. पेपर उघडला. सवयीने बोट तोंडाकडे नेलं. ते या गालावरून त्या गालापर्यंत सरळ घसरत गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा नाकपुड्यांच्या कडेला मला गुलाबी त्वचा दिसली.

मी कात्री उकळायला ठेवली.