पांढरीची वीट

आधीच माफी मागते. मी एक वीट आहे, मातीची, न भाजलेली. मला घडवणाऱ्या धर्मेंद्रने आठवीनंतर शाळा सोडली, आणि माझे सगळे शब्द त्याच्याच तोंडून ऐकलेले. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्द साधे असतील. सांभाळून घ्या.

धर्मेंद्र गवंडी आहे, तेवीस वर्षांचा. माणसांसमोर त्याची मान वर होत नाही. विटांशी मात्र तो दिवसभर बोलतो. म्हणून तर मला इतकं ठाऊक आहे.

रामटेकच्या गडावरचं देऊळ जिथून अंगठ्याएवढं दिसतं, तिथल्या एका खेड्यात चंद्रभानजी आणि रुखमाबाई राहतात. त्यांची धानाची शेती. दोन वर्षांपूर्वी त्यांचं जुनं मातीचं घर खचलं, तेव्हापासून दोघं टिनाच्या शेडात राहत होती. गेल्या मे महिन्यात त्या टिनाखाली रुखमाबाईंना ऊन लागलं. नागपूरला, धंतोलीच्या दवाखान्यात सहा दिवस काढावे लागले. "पुढचा उन्हाळा टिनाखाली नको," असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

मग नागपूरच्या प्रताप नगरातून रुचिका मॅडम आल्या. त्या शेतकऱ्यांसाठी लहान, थंड घरं आखतात, हाताशी असेल त्याच मातीची. दोन दिवस त्या नुसत्या अंगणात बसून होत्या. रुखमाबाई कधी उठतात, चूल कुठे पेटवतात, धान कुठे ठेवतात, सगळं विचारलं. मग कागदावर दोन खोल्या उतरल्या: दीड हात जाडीच्या भिंती, पूर्वेला रुंद ओसरी, पश्चिमेला एकही खिडकी नाही.

माती कुठली घ्यायची, एवढंच राहिलं होतं.

"काळीनं चाळीस वर्स पोसलं मले," चंद्रभानजी म्हणाले. "घर बी तिचंच पायजे."

"भातानं पोसलं म्हणून का भाताचं घर बांधता?" रुखमाबाई म्हणाल्या.

सगळे हसले, पण चंद्रभानजी हटले नाहीत. खेड्यात शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. काळी पिकवते, पांढरी वसवते, हे त्यांना माहीत नव्हतं का? पण शेतावरच्या मायेपुढे ते विसरले. मॅडमनाही ती माया पाहून नाही म्हणवेना. बांधकामाला बोलावलेल्या धर्मेंद्रला ठाऊक होतं, काळी पाण्यानं फुगते आणि उन्हानं फाटते. तो नखानं कुदळीच्या दांड्यावरची माती खरवडत राहिला.

काळीच्या तीस विटा पाडल्या. आठव्या दिवशी बोट जाईल अशा भेगा पडल्या.

"जाऊ द्या मॅडम," चंद्रभानजी म्हणाले. "आपल्या नशिबी टिनच आहेत."

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र एकटाच आला आणि खचलेल्या घराच्या ढिगाऱ्याशी बसला. दोन पावसाळे अंगावर घेऊनही त्यातली ढेकळं टणक होती. तो माती चाळू लागला.

"काहून गा, पडलं घर उकरून राहिला?" मागून रुखमाबाईंनी विचारलं.

"काकू, ही पांढरी आहे. साठ वर्स भिंत होऊन उभी होती. भिंत नाई चुकली, छप्पर गळलं म्हणून खचली."

"मंग हे त्याईले सांग ना. मूग गिळून काहून बसला होता?"

"मले नाई जमत."

"बरं. तुले नाई जमत तं तुह्या विटेले बोलाले लाव."

त्याच दिवशी माझा जन्म झाला. जुन्या भिंतीची माती, थोडी रेती, चुना आणि मिलमधून आणलेली धानाच्या तुसाची राख. लोखंडी साच्यात भरून, माती दाबायच्या लांब दांड्यावर त्यानं सगळं अंग टाकलं. झाकण उघडलं, आणि मी स्वतःकडे बघतच राहिले. सकाळी ढिगारा होते, आता मला आठ कोपरे होते! माझ्यात साठ वर्षांच्या चुलीचा धूर होता, कोणाकोणाच्या हातांचं सारवण होतं. काहीच वाया गेलं नव्हतं.

एकवीस दिवस त्यानं मला ओल्या पोत्याखाली ठेवलं, मग सावलीत वाळवलं. रुखमाबाईंनी मला उचलून नवऱ्यापुढे ठेवलं. मॅडमही आल्या होत्या.

चंद्रभानजींनी मला उलटसुलट पाहिलं. "राहू दे हिले उद्यापर्यंत टाक्यात. चिखल झाला तं मी टिनच ठेवतो. मंग कोणी बोलायचं नाई."

गुरांच्या पाण्याच्या टाक्यात मी तळाला गेले. अंगातून बुडबुडे निघाले. संध्याकाळी म्हैस आली, अगदी माझ्या डोक्यावर नाक बुडवून पाणी प्यायली. पाणी माझ्यात शिरत होतं आणि मी सुटत नव्हते. हे बळ कुठलं, राखेचं की त्या मुलाच्या हातांचं, मला अजून कळलेलं नाही.

आज मी भिंतीत आहे, चुलीजवळच्या कोनाड्याखाली. बाहेर ऊन रणरणतं आणि रुखमाबाई दुपारी माझ्या गार अंगाला पाठ टेकून डोळा लावतात. एवढंच मागते: जुनं घर पाडाल तेव्हा त्याची माती फेकू नका. तिला उभं राहणं ठाऊक असतं.

आणि टाक्यातल्या त्या रात्रीनंतर सकाळी काय झालं, ते सांगून गप्प बसते.

धर्मेंद्रनं बाही वर करून मला बाहेर काढलं. आठही कोपरे शाबूत होते. चंद्रभानजी माझ्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले, एकदा उडीही मारली. मग खाली उतरून त्यांनी मला हात लावून नमस्कार केला. "बाबाची भिंत आहे गा ही," एवढंच म्हणाले.

मॅडमनी नकाशा आणि चुन्याच्या फक्कीचं घमेलं धर्मेंद्रच्या हाती दिलं. त्यानं सुताचं टोक माझ्याखाली दाबलं आणि सूत ताणून मोकळ्या जमिनीवर पांढरी रेघ ओढत गेला. चारही बाजू जुळल्या तशी त्यानं मान वर केली आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं हाक मारली, "काकू, चूल पायजे तिथं उभ्या राहा! काकाजी, या, घरात या!"

तिथे ना भिंत होती, ना दार. नुसती फक्कीची रेघ. चंद्रभानजींनी रेघेबाहेर चपला काढल्या, मगच आत पाऊल टाकलं.