एक जण बघत आहे

आई म्हणाली होती, "अडगळीतलं काढून विकणाऱ्याला किंमत विचारावी. रोज लागणारी वस्तू विकायला काढणाऱ्याला आधी तब्येत विचारावी."

मी तेव्हा मांडीवरच्या छोटीला एका हाताने थोपटत होते आणि दुसऱ्या हाताने आईला फोनवर एका म्हाताऱ्या विक्रेत्याचं जेवणाचं टेबल दाखवत होते. मी हसले. म्हटलं, आई, ऑनलाइन लिलावात तब्येत विचारायला जागाच नसते, बोली लावायचा रकाना असतो फक्त. आईने चष्मा कपाळावर सरकवला, फोन लांब धरून फोटो पाहिला.

"मग हा जेवतो कशावर?"

दुसरं असेल, मी म्हटलं. विषय तिथेच मिटला.

छोटी झाल्यापासून मला लिलावाचं वेड लागलं होतं. नोकरीवरून रजा, दिवसभर घरात, आणि डोक्यात नाना शंका. ती झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला मी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. ती दचकून उठायची, गळा काढायची, आणि नवरा आतून विचारायचा, "पटली खात्री?" अशा बाईला जुन्या सामानाचे फोटो बघण्याचं काम मिळालं तर ती त्यात पारंगत होणारच. पाळण्याचा सैल स्क्रू, कपाटाची टोकदार कड, रंगाचा उडालेला टवका, सगळं मला फोटोत दिसायचं. वस्तू घरी आली की नवरा ती उलटीपालटी करून बघायचा आणि मी सांगितलेला ओरखडा सांगितल्या जागी सापडला की हात जोडायचा.

या धंद्याची एक रीत असते. वस्तू आवडली तरी आवडली म्हणून दाखवायचं नाही. सुरुवातीलाच बोली लावली की दुसरे जागे होतात आणि चढाओढ लागते. म्हणून नुसती वस्तूपुढची चांदणी दाबून ठेवायची. मग विक्रेत्याच्या फोनवर अक्षरं उमटतात, 'एक जण बघत आहे'. कोण, ते त्याला कळत नाही. लिलाव संपायला मिनिटभर उरलं की बोली टाकायची आणि वस्तू उचलायची. मी छोटीचे लहान झालेले कपडे विकायचे तेव्हा ती ओळ मलाही दिसायची. तेवढाच धीर वाटायचा, आहे बाबा कुणीतरी.

त्या म्हाताऱ्याने साइटवर स्वतःचं नाव 'खिडकीपाशी' असं ठेवलं होतं. त्यांच्याकडून मी पहिल्यांदा घेतली ती हातांची खुर्ची, छोटीला पाजायला बसण्यासाठी. फोटोत ती खिडकीला लागून होती आणि खाली लिहिलं होतं : 'बसायला आरामशीर. उठताना त्रास होतो, पण तो खुर्चीचा दोष नाही.' मला हसू आलं आणि चांदणी दाबली. अट एकच होती, स्वतः येऊन न्यावी. त्या अटीपायी फारसं कुणी फिरकलं नसावं, खुर्ची मला जवळजवळ फुकटात मिळाली.

नवरा आणायला गेला तो लवकर येईचना. तोवर मी मनातल्या मनात त्याचा अपघात करून, त्याला दवाखान्यात नेऊन, प्लॅस्टर घालून परत आणलंही होतं. तो आला हसतच. म्हणाला, म्हातारा सोडतच नव्हता. लिफ्टदुरुस्तीत जन्म गेलेला माणूस, आणि राहतो अशा इमारतीत जिथली लिफ्ट बंद आणि मालक हात लावू देत नाही. मूलबाळ नाही. बायको मागच्या वर्षी गेली. चहा पाजला, बिस्किटं काढली, खुर्चीची जन्मकथा सांगितली, मग जिन्यात उभं राहून लिफ्टचं नेमकं काय बिघडलंय तेही सांगितलं.

"खुर्ची फुकट, व्याख्यान विकत," नवरा म्हणाला.

पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात हे वाक्य चाललं.

खुर्ची पोहोचली का, बाळाला आवडली का, असा काकांचा निरोप आला. मीही छोटीच्या मुठीचा फोटो पाठवला. तिथून आमचं लिहिणं सुरू झालं. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला छोटीची आई. तिला सर्दी झाली की मी त्यांनाही कळवायचे, का कोण जाणे, आणि ते लिहायचे की नाक वाहतंय म्हणजे यंत्र चालू आहे, काळजी बंद पडल्यावर करायची.

मग त्यांनी काचेचं कपाट विकायला काढलं. 'डावं दार दोनदा ढकलल्याशिवाय लागत नाही. सवय होते. आम्हाला झाली होती.' चांगलं शिसवी कपाट, पण बोली लागेना. मला वाईट वाटलं. मी जाणकार होते ना, मी त्यांना सगळं समजावून सांगितलं : हल्ली वस्तू आणायला जायला कुणाला वेळ नसतो, तुम्ही कुरियरची सोय सुरू करा, गाडीवाला दारातून सामान उचलतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. त्यांनी लिहिलं की वस्तू कुणाच्या घरी चाललीये ते बघायला बरं वाटतं. मी म्हटलं, अहो काका, तुमचंच नुकसान होतं. कुठलं बटण दाबायचं त्याचे फोटोसुद्धा काढून पाठवले.

त्यांनी दाबलं. कपाट दोन दिवसांत गेलं. मग दिवा गेला, पुस्तकांची मांडणी गेली. त्यांचा निरोप आला : 'तुमच्यामुळे दुकान जोरात आहे. कुरियरवाला मुलगा गुणी आहे. बूट मात्र काढत नाही, उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करतो.' मी हसरा चेहरा पाठवला. मला खरोखरच आनंद झाला होता.

आता ते फोटो पुन्हा बघते तेव्हा दिसतं. खुर्चीच्या फोटोत मागे कपाट होतं. कपाटाच्या फोटोत कडेला टेबल होतं. टेबलाच्या फोटोत मागे नुसती भिंत, आणि तिच्यावर जिथे कपाट होतं तिथला फिकट चौकोन. फोटोफोटोने घर रिकामं होत होतं आणि माझी घारीची नजर पुढच्या वस्तूवरचे ओरखडे शोधत होती.

आईने जेवण्याचं विचारलं त्यानंतर मी त्यांना सहज म्हणून लिहिलं होतं, घर बदलताय का काका? उत्तर आलं की घर जागच्या जागी आहे, सामानाला पाय फुटलेत. मी तेवढ्यावर समाधान मानलं. कधीकधी ते विचारायचे, 'एक जण बघतंय असं दिसतंय. तुम्हीच ना?' मी उत्तर द्यायचं टाळायचे. आपण होऊन पत्ते दाखवायचे नसतात, आणि मला वाटायचं, हा आमचा खेळच आहे.

मग त्यांनी कप काढले.

'दोन कप, बशांसह. जोडीनेच द्यायचे. एकाचा कान चिकटवलेला आहे, पण गरम धरतो. कुरियर नाही. स्वतः यावे. घाई नाही.'

मी छोटीला पाजत होते, त्यांच्याच खुर्चीत बसून. फोटोत दोन कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेले, मागे उजेड. बाकी काहीच नाही. आणि तेव्हा कुठे मला आईचं तब्येत विचारायचं वाक्य आठवलं. माणूस एकटा असला तरी दोन कप ठेवतो. एक आपला, आणि एक कुणी आलं तर.

मी ठरवलं की या वेळी आपणच जायचं. नवऱ्याला तसं सांगितलंही. छोटीला घेऊन जाऊ, काकांना दाखवू, आणि हे काय चाललंय ते समोर बसून विचारू. तो म्हणाला, जा, पण व्याख्यानाला पुरेल एवढे लंगोट घेऊन जा. मी चांदणी दाबली आणि लिलाव संपायची वाट बघत बसले.

मला कुणी विचारेल की वाट कशाला बघितली, त्याच दिवशी का गेली नाहीस, निदान बोली तरी का टाकली नाहीस. माझ्याकडे उत्तर एवढंच आहे की तसं करायचं नसतं. लिलाव रविवारी दुपारी संपणार होता, आणि बोली शेवटच्या मिनिटाला टाकायची असते. शिवाय मला त्यांना चकित करायचं होतं. कप जिंकायचे, आणि मग जाऊन म्हणायचं, काका, तो एक जण मीच.

आठवड्याच्या मध्येच त्यांचा निरोप आला : 'बोली नाही अजून. पण एक जण बघत आहे.' छोटीला दात येत होते, ती किरकिरत होती. मी वाचलं, गालात हसले आणि फोन पालथा घातला.

रविवारी दुपारी मी बोली टाकली. दुसरं कुणी नव्हतंच. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, 'अभिनंदन! वस्तू तुमची झाली. विक्रेत्याला कळवले आहे.' मी लिहिलं, काका, कधी येऊ? संध्याकाळी बघितलं, उत्तर नव्हतं. सोमवारी पुन्हा लिहिलं. ते माझ्या निरोपाला कधी उशीर करायचे नाहीत. मी झोपलेल्या छोटीच्या नाकाखाली बोट धरलं आणि पुन्हा फोन बघितला.

मंगळवारी सकाळी छोटीला छातीशी बांधून मी तिथे गेले. लिफ्टवर 'बंद' अशी पाटी होती. अरुंद जिना, रेलिंग हातांनी गुळगुळीत झालेलं. मी दारावरची बेल वाजवली. आत ती स्वच्छ, मोठी वाजली. पुन्हा वाजवली. समोरचं दार उघडलं आणि एक बाई ओले हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, छोटीकडे बघितलं.

"तुम्ही कपवाल्या का?"

मी मान हलवली.

त्या दोन पावलं पुढे आल्या आणि छोटीच्या पाठीवर हात ठेवला. मग सांगितलं. शुक्रवारी दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराशीच होती, म्हणून त्यांनी त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. काका खिडकीपाशी होते, भिंतीला टेकून, जमिनीवर बसलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय, फार त्रास झाला नसावा. त्या म्हणाल्या, जमिनीवर का बसले असतील कोण जाणे.

खुर्ची आमच्या घरी होती.

माझी बोली पडली तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. लिलाव आपला आपण चालू होता.

त्या बाईंनी दार उघडून मला आत नेलं. मी कधीच न आलेल्या त्या खोलीतली जागान् जागा मला ओळखू येत होती. इथे कपाट, इथे टेबल, इथे दिवा. कोपऱ्यात घडी केलेली सतरंजी आणि उशी. ओट्यावर दोन कप धुऊन उपडे घातलेले. समोरच्या काकू हळू आवाजात बोलत होत्या, तरी त्यांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. म्हणाल्या, सामान खाली जाताना मी रोज बघत होते हो. मला वाटलं कुणा नातेवाइकाकडे चाललेत राहायला. विचारलं तर चेष्टा करायचे. विकायची काय गरज होती, पेन्शन होती की. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले...

मग त्यांनी काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"विकायचं कुणाला होतं? बेल वाजायची, माणूस आत यायचा, खुर्चीवरून चार गोष्टी व्हायच्या. आता ते कुरियर झालं आणि तेही गेलं."

छोटीने तेवढ्यात काहीतरी हुंकार दिला आणि तो खोलीभर घुमला. तिला गंमत वाटली. तिने पुन्हा आवाज काढला, पुन्हा ऐकला, आणि त्या रिकाम्या खोलीत ती एकटीच हसत राहिली.

काकू म्हणाल्या की गुरुवारी काकांनी दूध जास्तीचं आणायला सांगितलं होतं. एक जण बघतंय म्हणाले, आलं तर चहाला कमी पडायला नको. आणि मी घरी नसलो तर चहा घेतल्याशिवाय सोडू नका.

काकूंनी आपल्या घरून चहा करून आणला आणि त्या दोन कपांत ओतला. आम्ही खिडकीपाशी उभ्या राहून प्यायलो. खालून रस्ता दिसत होता, कुरियरची गाडी उभी होती, कुणाचं तरी गुंडाळलेलं सामान तिच्यात चढवत होते. कान चिकटवलेला कप मी घेतला होता. गरम धरतो, ते खरं होतं.

कप आता आमच्याकडे आहेत. मी साइटवरून नाव काढून टाकलं नाही. फोटो अजूनही बघते, पण आता आधी मागची भिंत बघते. कुणी गादी काढली, शेगडी काढली, एकुलती खुर्ची काढली, की बोली न लावता आधी निरोप पाठवते. बहुतेक जण सांगतात की नवीन घेतली. काही जण चिडतात, तुम्हाला काय करायचंय म्हणतात. चिडलेलं बरं असतं. चिडणारा माणूस ठीक असतो.

आणि तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल, अलीकडे ज्याच्या घरातल्या वस्तू कमी होत चालल्यात. पुस्तकं वाटून टाकतोय, भांडी देऊन टाकतोय, आणि देताना म्हणतोय की पाठवत नाही, तूच येऊन घेऊन जा, घाई नाही. तुम्ही जाणारच आहात, मला माहीत आहे. सवड मिळाली की जाणार आहात. पण ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की एक जण बघत आहे.

आज जाऊन त्याची बेल वाजवाल का?