शीतपेटीचा इतिहास

इतिहास जपणं ही फार मोठी जबाबदारी असते, आणि ती नानांच्या खांद्यावर होती. इतिहास औषधांच्या फ्रिजचा होता, एवढंच.

नानांची कंपनी फ्रिजचं तापमान टिपून ठेवणारं यंत्र बनवत असे. त्यातल्या नखाएवढ्या चिपचा प्रोग्रॅम नाना लिहीत. मात्र यंत्राच्या नोंदी मधूनच गहाळ होत होत्या आणि दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं.

"नाना, आज जमलं नाही तर बाहेरून प्रोग्रॅमसकट तयार बोर्ड आणू," मालक म्हणाले. "मग तुम्ही जरा आराम करा."

आरामाचा अर्थ नानांना कळला. त्यांचं वय असं, की दुसरीकडे मुलाखतीला गेले तर घेणाराच उठून खुर्ची देईल.

शेजारच्या टेबलावर तारांना डाग देणाऱ्या ताईंनी मान वर न करता विचारलं, "सापडतंय का?"

"तपासायला म्हणून स्क्रीनवर एक ओळ छापायला लावली, की सगळ्या नोंदी जागच्या जागी. ओळ काढली, की पुन्हा गायब."

"आमच्या ह्यांच्यासारखंच. कोणी बघत असलं की शहाणे. राहू द्या की मग ती ओळ!"

"छे! दुखणं आतच राहतं ना."

नानांनी प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून वाचला. नवं तापमान आलं की इंटरप्ट, म्हणजे ‘थांब, आधी हे घे’ असा इशारा यायचा. चिप हातातलं काम टाकून ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत ठेवायची. बफर भरला की सगळं कायमच्या मेमरीत उतरवायची. या उतरवण्याला वेळ लागे. तेवढ्यात पुढचा इंटरप्ट आला, की नवी नोंद त्याच बफरमध्ये, न उतरवलेल्या जुन्या नोंदीच्या उरावर. ती ओळ छापण्यात उतरवण्याची वेळ जरा सरकायची, म्हणून तेवढ्यापुरती टक्कर चुकायची. नानांनी दोन बफर केले. एक भरत असताना दुसरा उतरवायचा. छापायची ओळ काढून यंत्र चालवलं. एकही नोंद हलली नाही.

"सापडलं?"

"हो. एकाचे दोन बफर केले."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तोंड का असं?"

"एवढंच होतं म्हणून."

गिऱ्हाईक आलं. त्याने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं.

"याची एकसुद्धा नोंद..." नानांनी सुरुवात केली.

"खिळ्याला टांगता येईल?"

"येईल की!" मालक म्हणाले.

मोठी ऑर्डर मिळाली, नानांची नोकरी राहिली. यंत्रं ठिकठिकाणी खिळ्यांना टांगली गेली, त्याला काही वर्षं झाली. नोंदी शाबूत आहेत. त्या वाचायला वेगळी केबल लागते. ती अजून एकाही गिऱ्हाइकाने मागवलेली नाही.